बग्गीच्या चाकाची धाव खिळ्यांवर टिकत नव्हती

सोलापुरात जुन्या बग्ग्या-टांग्यांचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो: चाकावरची लोखंडी धाव तापवून मऊ करायची, लाकडावर ठोकून वाकवायची आणि खिळ्यांनी पक्की करायची. हे चूक आहे.

लोहार धावेचं गोल कडं आधीच सांधून तयार करत असे, आणि तेही चाकापेक्षा मुद्दाम थोडं लहान. चार फुटी चाकाचा घेर सुमारे 150 इंच. कडं 500 अंशांनी तापलं की ते जेमतेम 0.9 इंच लांबतं. त्यामुळे कडं घेरात अर्धा-पाऊण इंचच कमी ठेवता येतं. गोवऱ्यांच्या जाळात ते फुलवायचं, सांडशीनं उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. उशीर झाला तर पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या लाकडी घेराचे तुकडे, जळतात. आकसणारं लोखंड पुठ्ठ्यांचे सांधे मिटवतं, आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यात, घट्ट दाबतं. चाकाची खरी ताकद ती हीच. खिळे किंवा बोल्ट असले तरी ते केवळ राखणीला.

कडं फार लहान झालं तर आरे एका बाजूला कलून चाक बशीसारखं जास्तच खोलगट होतं, कधी आरा मोडतोही. मोठं झालं तर चाक खुळखुळतं.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि नीट बसवलेली धावही ढिली पडते. चाक रात्रभर पाण्यात ठेवलं की लाकूड फुगून ती आवळते, पण वाळल्यावर पुन्हा तेच. अशा वेळी जादा खिळे ठोकू नयेत, त्यानं पुठ्ठे चिरतात. धाव काढून, थोडी कापून, पुन्हा सांधून तापवून बसवावी.