दोरीच्या आत किती, बाहेर किती: पीक कापणी प्रयोगामागची जुनी भांडणं

सोयाबीन काढणीला आलं की पारावर एकच विषय असतो, आपल्या मंडळाचं (महसुलातला काही गावांचा गट) उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच विमा मिळतो तो आकडा, किती आणि यंदाच्या पीक कापणी प्रयोगात, म्हणजे निवडक शेतांत दोरीने ठराविक मापाचा तुकडा आखून आतलं पीक कापून मोजलं त्यात, किती उतरलं, कारण विम्याचा पैसा त्यावरच. आणि मग कुणीतरी म्हणतंच, मंडळात एवढे हजारो शेतकरी आणि हे दहा तुकडे कापून सगळ्यांचं ठरवणार होय? प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते बोट जरा चुकीच्या जागी ठेवलेलं असतं. तुकडे दहाच हे दुखणं आहेच, पण त्याहून मोठं दुखणं म्हणजे ते तुकडे कुणी निवडले, कुठल्या यादीतून निवडले आणि दोरी ताणताना कडेची झाडं आत ओढली की बाहेर ढकलली. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्षाला सॅम्पलिंग (थोडे नमुने घेऊन सगळ्यांचा अंदाज काढणं) आणि बायस (आकडा एकाच बाजूला झुकणं) शिकवताना १९३६ सालच्या त्या अमेरिकन साप्ताहिकाच्या निवडणूक अंदाजाची गोष्ट सांगतात, लाखो पत्रिका आल्या तरी अंदाज साफ चुकला वगैरे. चांगली गोष्ट आहे, पण आपल्या बांधावर त्याहून भारी गोष्ट घडलीय आणि तिच्यात सातारा जिल्ह्यातला एक माणूस, पांडुरंग सुखात्मे, मध्यभागी आहे, म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात आणेवारीपासून, म्हणजे पिकाचा आण्यांत केलेल्या अंदाजापासून, करावी लागेल. इंग्रजांच्या काळात पिकाचा अंदाज काढायची पद्धत कागदावर एकदम सोपी होती: पेरा किती, गुणिले नॉर्मल साली एकरी किती होतं, गुणिले यंदाचं पीक किती आणे (रुपयाचे जसे सोळा आणे, तसे पिकाचे भाग). पहिला आकडा त्यातल्या त्यात बरा, कारण गावाचं दप्तर होतं. दुसरा, म्हणजे नॉर्मल, हा कुणी बघितलेला नव्हता. आणि तिसरा आकडा म्हणजे तलाठी-पाटलाने शेतावर नजर टाकून म्हणायचं, आठ आणे. बस. नॉर्मल म्हणजे १६ आणे धरायचे की १२ यावर सुद्धा प्रांतोप्रांती एकमत नव्हतं.

आता हे नजरेचं माप कुठल्या बाजूला झुकतं? तर ते ज्या कामासाठी आकडा लागतो त्या बाजूला. शेतसारा माफ किंवा तहकूब करायचा की नाही हे आणेवारीवर, त्यामुळे शेतकऱ्याला आणे कमी हवेत आणि वसुली करणाऱ्याला जास्त. १९१८ चा खेडा सत्याग्रह आपण शाळेत गांधीजींचा लढा म्हणून वाचतो, पण त्याच्या मुळाशी चक्क एका अंदाजाचं भांडण होतं. खेडा तेव्हा मुंबई इलाख्यात. नियम असा की पीक चार आण्यांच्या खाली असेल तर त्या वर्षीची वसुली पुढे ढकलायची. लोक म्हणत होते चारच्या खाली आहे, सरकारी आकडा म्हणत होता वर आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे देवधर, जोशी आणि ठक्कर तिकडे जाऊन चौकशी करून आले, गांधीजींनी स्वतः चौकशी केली, पण तोडगा कसा निघणार, कारण दोन्ही बाजूंकडे होती ती नजरच! कुणाची नजर खरी हे ठरवणारी तिसरी वस्तू नव्हतीच.

ती तिसरी वस्तू बिहारमधून आली. जे. ए. हबॅक नावाचा आयसीएस अधिकारी, पुढे ओरिसाचा गव्हर्नर झाला तो. १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसात त्याने भाताचा उतारा (एकरी उत्पन्न) काढण्यासाठी एक समभुज त्रिकोणी चौकट वापरली, एकराच्या ३,२०० व्या भागाएवढी, म्हणजे जेमतेम उचलून नेता येईल अशी. शेत रँडम, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, निवडायचं, शेतातली जागा पण रँडम, चौकट टाकायची, आतलं कापायचं, मोजायचं. १९२७ मध्ये बिहारमधल्या पुसाच्या शेती संशोधन संस्थेने त्याचं बुलेटिन छापलं. त्यातलं म्हणणं आजही कुठल्याही वर्गात जसंच्या तसं शिकवता येईल: शक्य तितकं रँडमच्या जवळ जा, कारण त्याने मोजणाऱ्या माणसाची स्वतःची मर्यादा निघून जाते आणि वर आपला आकडा खऱ्यापासून किती लांब असू शकतो हे सुद्धा सांगता येतं. दुसरा मुद्दा नीट बघा. नजरेचा अंदाज बरोबर निघू शकतो, पण तो किती चुकला असेल हे नजर कधीच सांगू शकत नाही. इंग्लंडच्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या आर. ए. फिशरनेही, आधुनिक स्टॅटिस्टिक्सचा पाया घालणाऱ्यांपैकी तो एक, पुढे कबूल केलं की आपल्या पद्धती घडण्यात हबॅकच्या कामाचा मोठा वाटा होता. एका महसुली अधिकाऱ्याने इंग्लंडच्या त्या बड्या माणसाला शिकवलं, हे मला लय आवडतं.

युरोपात त्याच सुमाराला वेगळाच घोळ चालू होता. नॉर्वेच्या सांख्यिकी खात्याच्या किएरने १८९५ पासून सांगायला घेतलं होतं की सगळी मोजदाद करायची गरज नाही, प्रातिनिधिक नमुना पुरेल. पण प्रातिनिधिक म्हणजे काय? तर बऱ्याच लोकांना वाटायचं की विचार करून, देशाच्या सरासरीशी जुळणारे भाग निवडायचे. इटलीत जिनी आणि गाल्वानी यांनी १९२० च्या दशकात जनगणनेचे कागद राखण्यासाठी देशाच्या २१४ जिल्ह्यांतून असे २९ जिल्हे निवडले, सात गोष्टींच्या सरासऱ्या देशाशी जुळतील असे, आणि मग कळलं की ज्या गोष्टी जुळवल्या तेवढ्याच जुळल्या, बाकीच्या बाबतीत मेळ नाही. यावर येर्झी नेमन या पोलिश गणितज्ञाने १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे पेपर वाचला आणि हुशारीने निवडण्यापेक्षा गट पाडून प्रत्येक गटातून रँडम निवडणं का चांगलं ते गणिताने मांडलं. आपल्याकडे तालुका हा गट, त्यातून गावं, गावातून जमिनीचा गट नंबर, शेतातून तुकडा, अशी आज जी उतरंड आहे तिचा पाया तिथला.

आणि नेमनच्या हाताखाली त्याच वर्षांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पीएचडी करत होता पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध, जिल्हा सातारा, कॉलेज फर्ग्युसन. १९३६ ला पीएचडी, मग भारतात परत, आणि १९४० पासून इंपीरियल कौन्सिल ऑफ अॅग्रिकल्चरल रिसर्च म्हणजे आजच्या आयसीएआरमध्ये. कृषी विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही "पानसे-सुखात्मे" म्हणा, लगेच ओळखेल, कारण दोघांचं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक पिढ्यान्पिढ्या लागलेलं. त्यातले पानसे म्हणजे विनायक गोविंद पानसे, इंदूरच्या कापूस संशोधनातले.

आता भांडण. एका बाजूला कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढणारे, १९३७ पासून बंगालात तागाचे सॅम्पल सर्व्हे करणारे. आधी छोटा चाचणी सर्व्हे मग मोठा ही सवय त्यांनी लावली, एकाच भागात दोन स्वतंत्र टीम दोन स्वतंत्र नमुने घेऊन पाठवायच्या म्हणजे आकडे जुळत नसतील तर चोरी तिथेच पकडली जाते ही युक्ती त्यांचीच. शेवटी तर बंगालात सगळे प्लॉट एकेक मोजण्यापेक्षा सॅम्पल सर्व्हेचा आकडा व्यापाराच्या आकड्यांच्या जास्त जवळ आला, आणि तोही कितीतरी कमी खर्चात. म्हणजे मोठा माणूस, वाद नाही. पण त्यांचा कापणीचा तुकडा छोटा होता, दोन-चार फूट त्रिज्येचं वर्तुळ. कारण सोपं, छोटा तुकडा पटकन कापून होतो, मग त्याच पैशात जास्त शेतं होतात, जास्त शेतं म्हणजे कमी चूक. कागदावर बिनचूक.

दुसऱ्या बाजूला सुखात्मे, ते म्हणाले थांबा. १९४४-४५ मध्ये उत्तर प्रदेशात मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर त्यांनी एकाच प्रकारच्या शेतात वेगवेगळ्या मापाचे तुकडे टाकून बघितले, मोठे त्रिकोण, लहान त्रिकोण, तीन फुटी वर्तुळ, दोन फुटी वर्तुळ. तुकडा जसजसा लहान होत गेला तसतसा एकरी उतारा वाढत गेला! शेत तेच, गहू तोच. १९४६ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकामध्ये हे छापून आलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये सविस्तर.

का होतं असं? काठामुळे. दोरीवर जी ताटं येतात त्यांचं काय करायचं हा निर्णय माणसाला घ्यावा लागतो, आणि माणूस न कळत ती आत ओढतो, भरलेली लोंबी दिसली की हात जातोच. समजा प्रत्येक बाजूला फक्त ५ सेंटिमीटर जास्तीचं आत आलं. ६० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ असेल तर ते ६५ चं झालं, क्षेत्र १७ टक्के वाढलं, म्हणजे उतारा १७ टक्के फुगला. तेच १० मीटर बाय ५ मीटरच्या तुकड्यात ५ सेंमी सगळीकडून घुसलं तर जेमतेम ३ टक्के. हात तेवढाच चुकतो पण काठ आणि पोट यांचं प्रमाण बदलतं. आणि इथे ती गोष्ट येते जी पोरांच्या डोक्यात लवकर शिरत नाही, की अशी दहा हजार वर्तुळं कापली तरी १७ टक्के तसेच राहतात. सॅम्पल वाढवल्याने आकड्याची हेलकावणी कमी होते, झुकाव कमी होत नाही, उलट आपण जास्त खात्रीने चुकतो.

महालनोबिस गप्प बसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की आमची माणसं पूर्णवेळ आणि शिकवलेली आहेत, काळजी घेतली तर काठाची चूक आटोक्यात राहते. आणि इथे खरी मेख आहे, कारण भांडण नुसतं तुकड्याच्या मापाचं नव्हतंच. सुखात्मेंचा आग्रह की कापणी महसूल आणि कृषी खात्याच्या गावपातळीच्या माणसांकडूनच करून घ्या, ती तिथे आहेतच, देशभर दुसरी फौज कुठून आणणार, आणि साध्या माणसाच्या हाताने पण बिघडणार नाही एवढा तुकडा मोठा ठेवा. महालनोबिसांचा आग्रह स्वतंत्र यंत्रणेचा, कारण ज्याचा आकड्याशी संबंध आहे त्याने मोजू नये. दोघेही बायसबद्दलच बोलत होते, एक हाताच्या आणि दुसरा हितसंबंधाच्या. मला विचाराल तर तुकड्याच्या बाबतीत सुखात्मे जिंकले ते योग्यच झालं, पण यंत्रणेच्या बाबतीत महालनोबिसांची शंका आजही आपल्या बोकांडी बसलेली आहे. पुढे सुखात्मे १९५१ मध्ये रोमला एफएओमध्ये (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) गेले, महालनोबिसांचा नॅशनल सॅम्पल सर्व्हे १९५० मध्ये सुरू झालेला होता, आणि पीक कापणी राज्याच्या खात्यांकडे राहिली.

त्या भांडणाच्या खुणा अजून शेतात दिसतात. आयसीएआरचा जुना तुकडा ३३ फूट बाय साडेसोळा फूट, आज आपल्याकडे सोयाबीनला जो १० बाय ५ मीटर टाकतात तो जवळपास तोच, फक्त मेट्रिक कपडे घातलेला. उत्तर प्रदेशात अजून १० मीटर बाजूचा समभुज त्रिकोण चालतो. आणि पश्चिम बंगालमध्ये? वर्तुळ! सवयी लवकर जात नाहीत.

आता आपल्याकडचं आजचं. २०१६ ला प्रधानमंत्री पीक विमा योजना आली आणि ज्या प्रयोगाचा जन्म राज्याचं एकूण उत्पादन काढायला झाला होता त्याच्या डोक्यावर एकेका मंडळाची भरपाई ठरवायचं ओझं पक्कं बसलं. केंद्राच्या सूचनेत महसूल मंडळाला किमान १० प्रयोग, ग्रामपंचायत पातळीला मुख्य पिकासाठी किमान ४. जिल्ह्याची सरासरी चांगली येण्यासाठी जे पुरतं ते एका मंडळाला पुरतंच असं नाही, इथे पारावरच्या माणसाचं थोडं बरोबर आहे. मग २०२५ च्या खरिपाला महाराष्ट्राने भरपाईचा मुख्य भार कापणी प्रयोगावर आणून ठेवला, म्हणजे ओझं अजून वाढलं.

आणि झुकाव कुठून येतो तर जुन्याच वाटांनी. यादी हा पहिला दरवाजा. गट नंबर पेऱ्याच्या नोंदीतून निघतात, नोंद चुकली तर शेत कितीही रँडम काढा, यादीच वाकडी. २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, शेतकऱ्याने स्वतः फोनवरून नोंद करायची, पण ज्याने केलीच नाही त्याचं शेत यादीत कसं येणार? दुसरा दरवाजा बदलीचा. निवडलेल्या गटात ते पीकच नसेल तर पुढचा नंबर घ्यायचा असा नियम, पण पुढचा नंबर ओढ्यापलीकडे असला आणि अलीकडचा रस्त्याला लागून असला की माणसाला मोह होतोच. तिसरा दरवाजा वजनाचा, ओलं वजन घेतलं तर फुगतं, म्हणून वाळवून परत मोजायचं असतं. चौथा अर्थातच हितसंबंध. त्या वेळी तलाठ्याच्या नजरेवर वसुलीची सावली होती, आता दोरीच्या एका टोकाला शेतकरी उभा असतो ज्याला आकडा कमी हवा आणि दुसऱ्या टोकाला विमा कंपनीचा माणूस ज्याला जास्त.

आमच्याकडे एकदा मी बघायला गेलो होतो. रँडम नंबरप्रमाणे नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजून खुंटी ठोकली, ती नेमकी पाणी साचून पिवळ्या पडलेल्या जागेत आली. शेतमालक खूश. कंपनीचा पोरगा म्हणाला, साहेब हे काही शेताचं खरं चित्र नाही, जरा वरती घेऊ. कृषी सहाय्यक म्हणाले, मागच्या शेतात खुंटी चांगल्या जागेत आली तेव्हा हे तुम्ही बोलला नव्हता. खुंटी हलली नाही. मग दोरी ताणली, आणि पुढची वीस मिनिटं एका ओळीतली सात-आठ झाडं मुळापाशी वाकून बघण्यात गेली, मूळ दोरीच्या आत की बाहेर.