जयपूरची ब्लू पॉटरी समजून खुर्जा घेऊ नका

दिवाळीच्या आधी गावोगावी हस्तकलेची प्रदर्शनं भरतात आणि त्यात एका तरी टेबलावर निळ्या फुलांचे कॉफी मग ‘जयपूर ब्लू पॉटरी’ अशी पाटी लावून मांडलेले असतात. ‘मायक्रोवेव्हमध्ये बिनधास्त वापरा,’ असं विक्रेता सांगतो. बहुतेक वेळा त्यात खोटं काही नसतं, कारण ते मग जयपूरचे नसतातच. ते खुर्जाचे असतात. घेणारा खूश होऊन घरी जातो, आणि दुसऱ्या कुणीतरी खरी जयपुरी वाटी दाखवली की म्हणतो, ‘ही एवढी महाग का? माझ्याकडे अशीच आहे, निम्म्या किमतीत मिळाली.’ हे ऐकून ऐकून आता कंटाळा आला आहे.

खुर्जावर फार शब्द खर्च करायची गरज नाही, कारण नाव माहीत नसलं तरी वस्तू तुमच्या घरात आहे. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातलं हे गाव, दिल्लीपासून साधारण ८५ किलोमीटरवर. चिनीमाती, फेल्स्पार नावाचं खनिज आणि गारगोटीची पूड यांचं मिश्रण, ते साच्यात ओतून किंवा चाकावर आकार देऊन घडवायचं आणि १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास कडक भाजायचं. म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीच्याच कुळातलं भांडं. त्यावर निळी नक्षी असते, पिवळी असते, लालही असते. खुर्जा पॉटरीला तिचं स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. तिला उसन्या नावाची मुळीच गरज नाही.

आता जयपूर. इथे एकच गोष्ट समजून घ्यायची आहे, बाकी सगळं तिच्यातून निघतं: जयपूरच्या ब्लू पॉटरीचं अंग, म्हणजे रंगाच्या आतलं मूळ भांडं, कुंभाराच्या मातीचं नसतं. मुख्य घटक गारगोटीची पूड. तिच्यात काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार, डिंक आणि पाणी. हे सगळं मळून गोळा करतात, पण तो गोळा मातीसारखा लवचीक नसतो. चाकावर ठेवून ओढायला जाल तर फाटेल. म्हणून तो पोळीसारखा लाटतात, प्लास्टरच्या साच्यात बसवतात आणि आकार ढासळू नये म्हणून आत राख किंवा बारीक वाळू दाबून भरतात. साचा उलटा करून काढला की अर्धं भांडं तयार. सुरईसारखी वस्तू अशा दोन-तीन तुकड्यांची जोडलेली असते. चाकावर फारतर गळा आणि ओठ होतो. मग घासून गुळगुळीत करायचं, पांढरा लेप द्यायचा, नक्षी काढायची, ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकाकणारा थर, चढवायचं आणि एकदाच भट्टीत घालायचं, ८०० ते ८५० अंशांच्या दरम्यान. काच एवढ्या उष्णतेला वितळते आणि गारगोटीच्या कणांना धरून ठेवते.

इथे हमखास एकजण म्हणतो, ‘पण मुलतानी माती आहे ना? म्हणजे मातीच झाली की.’ नाही झाली. ती चिमूटभर माती कण एकत्र धरायला घातलेली असते. भांडं उभं राहतं ते गारगोटी आणि काच यांच्यावर. हा हिशोब जयपूरचा नव्हेच, तो इराणमधून आला आहे. तिथल्या काशान शहरातल्या अबुल कासिमने १३०१ साली हीच विद्या लिहून ठेवली: दहा भाग गारगोटी, एक भाग काच, एक भाग पांढरी माती. तुर्कस्तानातल्या इझनिकच्या प्रसिद्ध भांड्यांचं अंगही याच घराण्यातलं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या फिरोजी रंगासाठी. तांब्याचा ऑक्साइड शिशाच्या ग्लेझमध्ये हिरवा होतो, क्षार भरपूर असलेल्या ग्लेझमध्ये फिरोजी. पण क्षाराचं ग्लेझ तापताना खूप प्रसरतं आणि थंड होताना तेवढंच आक्रसतं. साध्या मातीचं अंग तेवढं आक्रसत नाही, त्यामुळे ग्लेझ ताणलं जाऊन त्याला बारीक तडे जातात. गारगोटीचं अंग मात्र त्याच्या जोडीने आक्रसतं आणि ग्लेझ अंगावर नीट बसतं. म्हणजे रंग आवडला म्हणून अंग शोधावं लागलं. कोबाल्टचा गडद निळा तसा लाडावलेला नाही, तो कुठल्याही पांढऱ्या अंगावर उमटतो, खुर्जाच्याही. म्हणूनच ‘निळं आहे म्हणजे जयपूर’ हा निकष पहिल्याच पायरीला कोसळतो.

ओळखायचं कसं? नक्षी बघू नका. फुलं, पोपट, वेलबुट्टी कुणीही काढतं. वस्तू उलटी करा. बुडाला जिथे ग्लेझ नाही तिथे जयपूरचं अंग पांढरं आणि रवाळ दिसतं, नखाला किंचित खरखरतं. त्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा. पाहता पाहता आत जिरतो आणि ओला डाग पसरतो. नीट भाजलेल्या खुर्जाच्या बुडावर तोच थेंब फुगीर बसून राहतो आणि पुसला की गेला. सुरई असेल तर आत बोट घालून जोड चाचपा, पोटाच्या मध्यावर एक उंचवटा लागतो. कुठे टवका उडालेला असेल तर सोन्याहून पिवळं: जयपूरची मोड कोरडी, कणीदार दिसते, खुर्जाची घट्ट आणि गुळगुळीत. टिचकी मारून आवाज ऐकण्याचा सल्ला सगळे देतात, मला तो पटत नाही. जयपूरचा आवाज बद्द येतो हे खरं, पण केसाएवढी चीर गेलेलं खुर्जाही तसंच वाजतं.

जाडी, वजन, कडेची सफाई यांत फरक असतात, पण ते कारागिरागणिक बदलतात. त्यांच्यावर निर्णय घेऊ नये.

वापराचा फरक मात्र सरळ आहे. खुर्जात चहा प्या, वरण गरम करा, रोज घासा. जयपूरच्या भांड्यात ग्लेझखालचं अंग पाणी शोषणारं आहे. एकदा टवका उडाला की तिथून पाणी शिरतं. मायक्रोवेव्ह नको, उकळता चहा नको, रात्रभर पाण्यात भिजत टाकणं तर अजिबात नको. शिवाय या ग्लेझमध्ये क्षारांच्या जोडीला पूर्वापार शिसंही वापरलं गेलं आहे. शिसं न वापरणारे कारागीरही आता आहेत, तर तसं विचारून घ्यावं आणि उत्तर गुळमुळीत आलं तर ती वाटी चिंचेच्या चटणीसाठी काढू नये. ‘दगडाची आहे, फुटत नाही’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर ते टेबल सोडून पुढे जावं. फुटते, आणि सहज फुटते.

ही कला जयपूरला रुजली ती तिथले महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, त्यांच्या कलाशाळेच्या आश्रयाने. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ संपली होती. हस्तकलांसाठी झटणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय आणि जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी पाठबळ दिलं आणि कृपालसिंह शेखावत यांनी ती पुन्हा उभी केली. ते मुळात चित्रकार, शांतिनिकेतनात शिकलेले, भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीच्या सजावटीत नंदलाल बोस यांच्या चमूत काम केलेले. त्यांना १९७४ साली पद्मश्री मिळाली, २००८ साली ते गेले. त्यांच्या ‘कृपाल कुंभ’ या स्टुडिओची एखादी थाळी पाहायला मिळाली तर रेषा बघा: हत्तीची सोंड काढताना कुंचला कुठे दाबला आणि कुठे उचलला हे ग्लेझखालूनही कळतं. आणि लक्षात घ्या, कोबाल्टचा ऑक्साइड लावताना काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीत. म्हणजे रंग मनात धरूनच रेषा ओढायची असते.

आवडीचं विचाराल तर मी निळा, फिरोजी आणि पांढरा या तिघांवर थांबते. गुलाबी आणि लिंबू पिवळा घातलेलं जयपुरी काम मला पटत नाही. त्या रंगांनी फिरोजीची खोली मारली जाते. दाराच्या मुठी आणि साबणदाण्या यांपेक्षा एक मोठी थाळी किंवा चार टाइल्स घ्याव्यात, कारण या अंगाला सपाट, रुंद जागा शोभते आणि चित्रकाराला हात मोकळा सोडता येतो. खुर्जात मला हाताने रंगवलेल्या बरण्या आवडतात. कागदी छाप चिकटवलेले मग नाही आवडत, मग ते कितीही स्वस्त मिळोत. नखाला छापाची कड लागली आणि रांगेतल्या दहा मगांवर तेच फूल त्याच वळणाने दिसलं की समजावं, हा छाप आहे.

घोळात भर म्हणून ‘दिल्ली ब्लू’ हे तिसरं नाव आहे. सरदार गुरचरण सिंग १९१९च्या सुमारास जपानला जाऊन कुंभारकाम शिकले आणि १९५२ साली त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू’ नावाने स्टुडिओ काढला. तिथली भांडी स्टोनवेअरची, म्हणजे कडक भाजलेल्या मातीची, आणि चाकावर घडवलेली. जयपूरशी त्यांचं अंगाचं नातं नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात सुरू केलेली कलात्मक भांडीही मातीचीच. जुन्या बाजारात ती निळी-फिरोजी दिसली की विक्रेते ‘जुनं जयपूर’ म्हणून पुढे करतात.

विकत घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा: ‘हे भट्टीत किती अंशांवर भाजतात, आणि चाकावर केलंय की साच्यात?’ जयपूरचा जाणकार माणूस साचा म्हणेल, आठशेच्या पुढचा आकडा सांगेल आणि बहुतेक वेळा साच्यात राख कशी भरतात हेही दाखवू लागेल. ज्याने माल नुसता गाडीतून उतरवून मांडला आहे, तो तुम्हाला किंमत कमी करून देईल.