पाहुण्याला ॲलर्जी असेल, तर मलिद्याचे आणि सणाचे जेवण कसे ठरवावे

साखरपुडा, मेंदी, नव्या घरातील प्रवेश किंवा नवस फेडणे अशा निमित्तांनी बेने इस्राएल (कोकणातील मराठी भाषक ज्यू समाज) पद्धतीच्या जेवणाची ऑर्डर देताना काही यजमान आम्हाला सांगतात, की जेवण कोशेर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांनुसार केलेले, असल्यामुळे ॲलर्जीची वेगळी काळजी घ्यायला नको. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा धोक्याचा असल्यामुळे ऑर्डर निश्चित करण्यापूर्वी हे पत्रक आपण पूर्ण वाचावे, अशी विनंती आहे.

खरा अर्धा असा, की मांसाच्या जेवणात दूध, दही, तूप, लोणी यांपैकी काहीही नसते आणि खवले व पर नसलेले जलचर वर्ज्य असल्याने कोळंबी, खेकडे आमच्या स्वयंपाकघरात येतच नाहीत. परंतु ‘पार्वे’ म्हणजे केवळ मांस व दूध या दोन्हींपासून मुक्त. त्यात अंडी, मासे, गहू, बदाम, तीळ सर्व काही असू शकते. शिवाय चुकून पडलेला वर्ज्य पदार्थ एकूण अन्नाच्या साठाव्या भागाहून कमी असल्यास धर्मशास्त्र अनेक बाबतींत तो नगण्य धरते. ॲलर्जी असलेल्या शरीराला हा हिशेब लागू होत नाही, कारण काहींना कणभर अंशही पुरतो. म्हणून कोशेरची शिस्त आणि ॲलर्जीची शिस्त या आम्ही दोन स्वतंत्र गोष्टी मानतो आणि दोन्ही पाळतो.

सर्वांत अधिक विचार मलिद्याचा करावा लागतो. भिजवलेले गोड पोहे, खोवलेला नारळ, वेलची, जायफळ, वर बदाम-पिस्त्यांचे काप व बेदाणे, भोवती खजूर आणि फळे असे ते ताट असते. एलियाहू हन्नाबीचे (प्रेषित एलियाचे) स्मरण व आशीर्वाद झाल्यावर त्याच ताटातून सर्वांना वाटप होते, म्हणजे एकच हात व एकच चमचा सगळीकडे फिरतो. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यासाठी वरचे काप वेचून काढणे हा उपाय नव्हे. बदामाचा चुरा तोपर्यंत पोह्यांत मिसळलेला असतो. आम्ही त्या पाहुण्याचा मलिदा सुकामेवा बाहेर काढण्यापूर्वीच, स्वच्छ भांड्यात कालवतो आणि झाकणाच्या लहान डब्यात भरून मोठ्या ताटाशेजारी ठेवतो. प्रार्थना म्हणणाऱ्यांना आधी कल्पना दिलेली असली, की आशीर्वादाच्या वेळी तो डबाही पुढे ठेवला जातो आणि पाहुण्याला वेगळे पडल्यासारखे वाटत नाही. पिवळसर बेदाण्यांवर बहुधा गंधकाची प्रक्रिया केलेली असते. सल्फाइटचा त्रास असलेल्यांसाठी, विशेषतः दम्याच्या रुग्णांसाठी, ते टाळून प्रक्रिया न केलेले काळे मनुके घ्यावेत. किद्दूशच्या, म्हणजे सणाच्या आशीर्वादाच्या, मनुक्यांच्या सरबतालाही हाच नियम लावावा.

नारळाची ॲलर्जी त्या मानाने विरळ असली, तरी या स्वयंपाकात ती सर्वांत अवघड ठरते. मांसाबरोबर दूध चालत नसल्याने कालवणापासून हलव्यापर्यंत दाटपणा नारळाच्या दुधाचाच असतो. त्याच्या जागी काजूचे वाटण घालणे सहज सुचते. मात्र दुसऱ्या पंगतीत काजू न चालणारा कोणी असला, तर अडचण फक्त जागा बदलते. अशा वेळी आम्ही भाजलेल्या कांद्याचे आणि भाजक्या चणाडाळीचे वाटण सुचवतो. चव निराळी येते, हे आम्ही लपवत नाही.

गहू ज्यांना वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी रोश हशानाचा (ज्यू नववर्षाचा) चिकाचा हलवा चालणार नाही, कारण कुरडयांसाठी काढतात तसाच तो गव्हाचा चीक असतो. चायना ग्रास व नारळाचे दूध घालून केलेला हलवा त्यांना देता येतो. बिरड्याच्या फोडणीतील हिंगही तपासावा. बाजारात मिळणारा बांधानी हिंग पुष्कळदा मैदा मिसळून केलेला असतो. वल्हांडणाच्या (पासओव्हर) सणात, जेव्हा खमीर वर्ज्य असते, बेने इस्राएल घरांत भात चालतो, ही गव्हाची ॲलर्जी असलेल्यांसाठी सोय आहे; मात्सा, म्हणजे या सणाची बिनखमिराची भाकरी, मात्र साधारणतः गव्हाचाच असतो.

तिळाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. भारतातील 2020 च्या लेबलविषयक नियमांत ॲलर्जीसाठी जाहीर करावयाच्या घटकांच्या यादीत दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन इत्यादी आहेत, परंतु तीळ नाहीत. त्यामुळे ॲलर्जीच्या सूचनेत तिळाचा उल्लेख नसला, तरी मसाल्यात किंवा पावात तीळ असू शकतात. घटकांची पूर्ण यादी वाचावी आणि सुट्या मसाल्याबाबत दळणाऱ्याला विचारावे. तेलाचेही तसेच आहे. रिफाइंड तेलात प्रथिने अत्यल्प उरतात, तर घाण्याच्या तेलात ती राहतात. तेलाचा धंदा करून शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे ज्या समाजाला कोकणात शनवार तेली म्हणत, त्याच्या जेवणात घाण्याच्या तेलाचा आग्रह होणे स्वाभाविक आहे, पण तीळ वा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला पाहुणा असेल, तर तो आग्रह त्या दिवसापुरता सोडावा.

शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतिदिनाचे) जेवण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पूर्ण शिजलेले असावे लागते, आणि नंतर चूक लक्षात आली तरी नवा पदार्थ करता येत नाही. म्हणून पाहुण्याचे डबे दुपारीच भरून, नाव लिहून, ‘मांस’ किंवा ‘पार्वे’ अशी खूण करून अन्न गरम ठेवणाऱ्या वेगळ्या तापकावर ठेवले जातात. पुऱ्या त्याच्यासाठी पहिल्या, ताज्या तेलात तळल्या जातात. ज्या कढईत मासे तळले, तिच्यात नव्हे.

ऑर्डर देताना कृपया पाहुण्याशी किंवा त्याच्या पालकांशी स्वतः बोलून नेमका पदार्थ कोणता, अंश चालतो की तोही नाही, आणि पूर्वी श्वास अडकणे किंवा शुद्ध हरपणे असे काही झाले आहे का, ते आम्हाला लेखी कळवावे. दूध पचत नसणे आणि दुधाची ॲलर्जी असणे या भिन्न गोष्टी आहेत. आमच्या स्वयंपाकघरात नारळ, सुकामेवा आणि गहू रोज वापरले जात असल्याने ‘अंशही नाही’ अशी हमी आम्ही देत नाही; तीव्र ॲलर्जी असल्यास पाहुण्याचे ताट त्याच्या घरून आणावे, आणि ते कोशेर पंगतीत कसे मांडावे याची व्यवस्था आम्ही विनाशुल्क करू. डॉक्टरांनी लिहून दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन पाहुण्याच्या जवळ असावे. श्वास लागणे, ओठ वा जीभ सुजणे, अंगावर गांधी उठून चक्कर येणे असे दिसताच ते लगेच द्यावे, पाहुण्याला आडवे झोपवावे, श्वास घेणे जड जात असेल तर बसू द्यावे, आणि 108 ला फोन करावा. केवळ ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नये. शब्बाथ असला तरीही फोन करावा, कारण जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची धर्माचीच आज्ञा आहे.