सुपरडोमचं छप्पर आणि सेंट्सचा २००६चा हंगाम
कतरिना वादळानंतरच्या वर्षी, २००६च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे जवळपास निम्मे लोक अजून घरी परतले नव्हते. गल्ल्यागल्ल्यांत पडकी घरं होती. तरीही सेंट्स या शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाची हंगामभराची सगळी तिकिटं संपली. संघाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेही आदल्या वर्षी १६ पैकी १३ सामने हरलेल्या संघासाठी.

हरणं या संघाला नवं नव्हतं. १ नोव्हेंबर १९६६ला, कॅथलिकांच्या सर्व संतांच्या सणादिवशी, शहराला संघ मिळाल्याचं जाहीर झालं. ‘सेंट्स’, म्हणजे संत, हे नाव त्या दिवसालाही शोभणारं होतं. पुढची वीस वर्षं मात्र एकाही हंगामात पराभवांपेक्षा विजय जास्त झाले नाहीत. १९८०मध्ये १५ सामने हरले, तेव्हा चाहते डोक्यावर कागदी पिशव्या घालून बसायचे. तोंड लपवायचे, पण यायचे.

२९ ऑगस्ट २००५ला कतरिना वादळ आलं, पूररोधक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्यांना बाहेर पडता आलं नाही, अशा हजारो लोकांनी सेंट्सच्या घरच्या मैदानात, सुपरडोम या छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये, आसरा घेतला. वाऱ्याने छपराचं आवरण फाडलं, वीज गेली, शौचालयं तुंबली. त्या उकाड्यात, अंधारात माणसं दिवसेंदिवस अडकून पडली. सुपरडोम हे नाव तेव्हापासून जगाला खेळाच्या आधी हाल आठवून देऊ लागलं.

संघालाही घर उरलं नाही. त्या हंगामातला पहिला ‘घरचा’ सामना न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध होता आणि तो खेळवला गेला जायंट्सच्याच मैदानावर. बाकीचे घरचे सामने टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत आणि लुइझियानाच्या बॅटन रूजमध्ये झाले. मालक टॉम बेन्सन यांचे सॅन अँटोनियोत व्यवसाय होते. त्यामुळे संघ कायमचा तिकडे जाईल ही धास्ती खरी होती.

तो राहिला. जानेवारी २००६मध्ये शॉन पेटन प्रशिक्षक झाले. मार्चमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ड्रू ब्रीस आला. त्याच्या फेकीच्या खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती आणि तो खांदा पाहून मायामीच्या संघाने त्याच्याऐवजी दुसऱ्याला घेतलं होतं. दुखावलेला खेळाडू आणि दुखावलेलं शहर यांची ती गाठ मला या हंगामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

२५ सप्टेंबर २००६, सोमवारची रात्र. डागडुजी झालेल्या सुपरडोममध्ये अटलांटा फाल्कन्सविरुद्ध सामना सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. पुढे सरकता न आल्याने फाल्कन्सनी चेंडू लांब लाथाडून द्यायचं ठरवलं, अर्थात पंट. सेंट्सचा स्टीव्ह ग्लीसन मधून घुसला आणि त्याने तो पंट हातांनी अडवला. सेंट्सच्याच कर्टिस डेलोचने गोलक्षेत्रात चेंडूवर झेप घेतली, टचडाऊन झाला, म्हणजे सहा गुण मिळाले. सेंट्स २३-३ने जिंकले. सामने किती होतात, पण वर्षापूर्वी जिथे माणसं पाण्यासाठी तळमळली, तिथेच ७० हजार लोक उभे राहून ओरडत होते.

त्या हंगामात संघाने दहा सामने जिंकले आणि पहिल्यांदाच एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तिथे शिकागो बेअर्सनी त्यांना ३९-१४ने हरवलं. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकायला फेब्रुवारी २०१० उजाडावं लागलं.

ग्लीसनला २०११मध्ये एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा आजार असल्याचं कळलं. २०१२मध्ये सुपरडोमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. हात पुढे फेकून तो पंट अडवतो आहे, आणि शिल्पाचं नाव आहे ‘रीबर्थ’, म्हणजे पुनर्जन्म.