पावसात ईएलसीबी पडतो, म्हणून तो काढू नका

आम्ही वायरिंगची कामं करतो. मृग लागला की आमच्याकडे ईएलसीबीच्या, म्हणजे शॉकपासून वाचवायला आपोआप लाइन तोडणाऱ्या बोर्डातल्या स्विचच्या, एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "ईएलसीबी सारखा पडतोय, माणूस पाठवा आणि डायरेक्ट करून द्या." रत्नागिरीजवळच्या नाचणे, कुवारबाव, शिरगाव, खाली पावस गावापर्यंत, चिऱ्याच्या आणि कौलारू जुन्या घरांतून हीच मागणी येते. डायरेक्ट म्हणजे ईएलसीबी वगळून लाइन सरळ जोडणं. तसं करून आम्ही कोणालाच देत नाही, अगदी जुन्या ग्राहकांनाही नाही. त्यावरून काही जण नाराज होतात, म्हणून कारण लिहून देत आहोत.

फेजमधून घरात जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. ईएलसीबी एवढंच बघत असतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट ओल्या भिंतीतून, पंपाच्या बॉडीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालला आहे, की तो लाइन तोडतो. बोर्डात प्रत्येक लाइनीला असतो त्या एमसीबीला हे समजत नाही. त्याचं काम जादा लोड आणि शॉर्टसर्किटपुरतं.

"आमचं अर्थिंग चांगलं आहे, ईएलसीबी कशाला?" असंही विचारतात. रत्नागिरीचा सडा म्हणजे कातळ. तांबडी माती हात-दोन हात, खाली जांभा. अशा जमिनीत करंट सहज मुरत नाही. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध २५ ओहम आहे. गीझरच्या बॉडीला फेज लागली तर २३० भागिले २५, म्हणजे जेमतेम ९ अँपिअर जमिनीत जातील. गीझरचा एमसीबी असतो १६ किंवा २० अँपिअरचा. तो पडणारच नाही, आणि न्हाणीघरातला नळ जिवंत राहील. या भागात माणूस वाचवायचा तर ईएलसीबीला पर्याय नाही. अर्थिंग तरीही हवंच. अर्थिंगचा खड्डा शक्य तर न्हाणीघराच्या किंवा विहिरीच्या पाण्याजवळ घ्यावा, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत राहावं. कोळसा आणि मीठ भरून वीस वर्षं झाली असतील तर ते मीठ केव्हाच वाहून गेलं आहे. नळाच्या पाइपला अर्थ जोडलेला असेल तर तो अर्थिंग म्हणून धरूच नका, मधला पाइप बहुतेक घरांत आता प्लास्टिकचा आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही: ईएलसीबी पडला की वाडीतल्या कोणाला तरी बोलावून तो बायपास करून घेतात, चार दिवस लाइट चालू राहते, ऊन पडतं, आणि मग आम्हाला बोलावतात. तोवर ओल सुकलेली असते. दोष त्या वेळी दिसत नाही, पण जात नाही. मग पंपापासून पडवीच्या दिव्यापर्यंत एकेक लाइन सोडवून तपासावी लागते. अर्ध्या तासाच्या कामाला दिवस जातो आणि त्याचं बिलही तुम्हालाच येतं. बायपास केलेला असेल तर निदान फोनवरच सांगा. आम्ही रागावणार नाही. पण न सांगता ठेवलात तर बोर्डाला हात लावणाऱ्या आमच्या माणसाचा जीव धोक्यात येतो.

त्याऐवजी असं करा. हात कोरडे, पायात चप्पल. आधी घरातल्या सगळ्या पिना सॉकेटमधून उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग सगळे एमसीबी खाली करून ईएलसीबी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला वर करताच ईएलसीबी पडतो ती लाइन खालीच ठेवा, बाकीचं घर वापरा, आणि कोणती लाइन ते आम्हाला कळवा. निम्मं काम तिथेच झालं. सगळे एमसीबी खाली असूनही ईएलसीबी टिकत नसेल तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी ओलीला किंवा अर्थला लागला आहे. तिथे थांबा, पुन्हा पुन्हा वर करू नका. इन्व्हर्टर असेल तर ईएलसीबी पडल्यावरही त्याच्या लाइनी चालूच असतात, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आमच्या अनुभवात दोषी निघतो तो बहुधा विहिरीवरचा पंप किंवा त्याची उघडी पेटी. त्यानंतर गीझरचं फुटलेलं एलिमेंट, आणि पागोळ्यांखालचा होल्डर. गणपतीत खळ्यातल्या मांडवावर सोडलेली तोरणं ही वेगळीच गोष्ट. टेप गुंडाळलेला जोड पावसात टिकत नाही. एक कारण मात्र पावसाशी संबंधित नाही: नवा पॉइंट काढताना किंवा इन्व्हर्टर बसवताना फेज एका ईएलसीबीखालची आणि न्यूट्रल दुसऱ्या ईएलसीबीखालचा किंवा ईएलसीबीच्या आधीचा घेतलेला असतो. त्याने ईएलसीबी भर उन्हाळ्यातही पडतो, आणि दोष विनाकारण ईएलसीबीच्या माथी येतो.

सगळं घर एकाच ईएलसीबीवर असेल तर पंप भिजला की फ्रिजही बंद पडतो. ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. पंप आणि बाहेरचे दिवे एका ईएलसीबीवर, घरातली लाइन दुसऱ्यावर. घर बंद ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी तर हे नक्की करावं. खर्च अंगावर येण्यासारखा नाही, आणि घर बघून लेखी अंदाज आम्ही आधी देतो.

एमसीबी पडतो म्हणून मोठा टाका, हेही आम्ही करत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर एसी चढवून ३२ चा एमसीबी लावला तर एमसीबी पडणार नाही, वायर तापेल, तीही लाकडी पट्टीवरून वाशाला लागून गेलेली. गीझर आणि एसीला बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. जुनी ॲल्युमिनियमची वायर खाऱ्या हवेत जोडावर पांढरी पडते आणि तिथेच जळते. तशा घरात सगळं वायरिंग एकदम बदलायची ऐपत नसेल तर आधी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पंप एवढं करून घ्या. बाकीचं पुढच्या वर्षी चालेल. लोड वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो, ते कागद आम्ही तयार करून देतो.

पुराचं पाणी बोर्डात गेलं असेल तर एमसीबी आणि ईएलसीबी सुकवून पुन्हा वापरू नका. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पाणी भरलं तेव्हा अनेक घरांचे बोर्ड गाळात बुडाले होते. आतल्या स्प्रिंगवर गाळ बसलेला ईएलसीबी वर राहतो, पण पडायच्या वेळी पडेलच असं नाही.

"नुसता मीटर लावून पैसे घेता" असं म्हणणाऱ्यांसाठी: आम्ही लाइन बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन तपासतो आणि आकडे कागदावर लिहून देतो. तो कागद बोर्डाच्या दारात चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिलं की कोणती वायर थकत चालली आहे ते कळतं. दर महिन्याला ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबा. दाबून पडला नाही तर त्याच दिवशी फोन करा.

तपासणीला घरातली लाइट काही तास बंद राहते, त्यामुळे मे महिन्यातच दिवस ठरवून घ्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही फक्त शॉक बसण्याची आणि जळण्याची कामं घेतो, नवे पॉइंट नाही. चाकरमान्यांनी घर उघडायच्या आधी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली तर ते यायच्या आत आम्ही तपासून ठेवतो.