संस्कृतिसापेक्ष संगीतशिक्षण (शालेय)

शाळेच्या संगीतवर्गात कोणते गाणे घ्यायचे, कोणत्या पट्टीत गायचे, साथ कशाची ठेवायची हे मुलांना विचारून ठरवणारी आणि त्यांच्या घरादारातले संगीत अभ्यासाचाच भाग मानणारी अध्यापनपद्धती. तिच्यामागचा शिक्षणविचार ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज (१९९५) व जिनिव्हा गे (२०००) या अमेरिकन अभ्यासकांनी मांडला. मुलांचे म्हणणे ऐकून घेण्याचे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या (१९८९) बाराव्या कलमात आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.

ही पद्धत समजून घ्यायला इंदूर सोयीचे. इथली मराठी मुलगी घरात मराठी बोलते, गल्लीत माळवी वळणाची हिंदी. पितृपक्षात शेजारच्या मैत्रिणी भिंतीवर शेणाची संजा काढतात, फुलांनी सजवतात, तिची गाणी म्हणतात. लगेच आश्विनात घरचा भोंडला : पाटावरचा हत्ती, फेर, ओळखायची खिरापत. दोन्हीकडची गाणी मुलींनी मुलींकडून ऐकून उचललेली, मोजक्या स्वरांत फिरणारी. ती वर्गात शेजारीशेजारी गाऊन घेतली, की लय आणि ध्रुवपदाची पुनरावृत्ती फळ्यावर समजावत बसावे लागत नाही. पुढे रागाकडेही जाता येते. जवळच्या देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतूनच आपले ‘धुनउगम’ राग घडवले.

निवड मुलांची, म्हणून शिक्षकाने पेटी मिटून बसायचे असे नाही. मुले बहुधा चित्रपटगीतच आणतात. त्यातला ताल ओळखायला लावणे, मुखडा कुठे परत येतो ते शोधायला लावणे हे शिक्षकाचे काम.

पट्टीचा प्रश्न याहून नाजूक. पेटीवर बहुतेकदा शिक्षकाच्या गळ्याला मानवणारी पट्टी धरली जाते आणि वर्ग ओरडतो. सातवी-आठवीच्या सुमारास मुलग्यांचा आवाज फुटू लागतो. तेव्हा ‘तू नुसते टाळ वाजव’ असे ऐकलेली कितीतरी मुले पुन्हा गात नाहीत. त्याऐवजी त्यांना खालची पट्टी निवडू द्यावी, किंवा झेपेल तेवढीच ओळ द्यावी.

एक धोका मात्र असतो. आडनाव पाहून ‘तुमच्याकडचे काहीतरी म्हण’ असे फर्मावणे म्हणजे निवड देणे नव्हे. इंदुरातल्या एखाद्या मराठी मुलीला भोंडल्याचे एकही गाणे येत नसेल. माळवी मंडळींची कबीराची भजने मात्र तंबुऱ्या-मंजिऱ्यासकट पाठ असतील.