छातीतल्या मोठ्या चरबीच्या गाठीचं ऑपरेशन योजनेतून: अर्ज कुठे अडतो?

छातीच्या आत वाढणारी चरबीची गाठ बाहेरून दिसत नाही. दम लागतो म्हणून एक्स-रे काढला जातो, तेव्हा ती सापडते. तोवर फुप्फुस दबलेलं असतं. अशी मोठी गाठ काढायला बहुतेकदा छाती उघडावी लागते आणि खर्च घराला पेलत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड पांढरं आहे म्हणून घरी बसू नका, तेही चालतं.

नागपुरात नुसतं 'योजनेतलं हॉस्पिटल' शोधून भागत नाही. तिथे छातीची शस्त्रक्रिया करणारा विभाग हवा आणि तो विभाग योजनेत हवा. शासकीय मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये हृदय व छाती शस्त्रक्रिया विभाग आहे. तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, नोंदणी करतो, पुढे हॉस्पिटल पूर्वमंजुरी मागतं.

खरी अडचण इथे येते. कागदावर फक्त 'लायपोमा' (चरबीची गाठ) लिहिलं असेल तर मंजुरी देणाऱ्याला ती पाठीवरची साधी गाठ वाटू शकते. म्हणून डॉक्टरांना हात जोडून सांगा: गाठ छातीत नेमकी कुठे, किती सेंटिमीटरची, फुप्फुस किंवा हृदय दाबतेय का, हे चिठ्ठीत लिहा. सीटी स्कॅनच्या रिपोर्टसोबत फिल्मही जपा.

दुसरी डोकेदुखी नावाची. रेशनकार्डावर 'शांताबाई' आणि आधारवर 'शांता', एवढ्यावरही माणूस अडतो. नव्या सुनेचं नाव तर कित्येक कार्डांवर चढलेलंच नसतं. पेशंटला धाप लागलेली असताना नातेवाइकाने पुरवठा कार्यालयात रांग लावावी, हा छळ आहे. पण ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधीच हे उरका.

मंजुरीआधी पैसे भरून ऑपरेशन करू नका, ते नंतर परत मिळत नाहीत. अडलात तर योजनेच्या 155388 या नंबरवर फोन लावा.

सुईच्या तपासणीत 'साधी चरबी' आली तरी गाठीच्या दुसऱ्या भागात लायपोसार्कोमा, म्हणजे कर्करोग, असू शकतो. काढलेल्या पूर्ण गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या. पुढच्या उपचारांसाठी तोच कागद लागतो.

योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा, मर्यादा वर्षाला 1.60 लाख. अर्ज पेशंट भरती असतानाच करा, सुटी झाल्यावर बिलं घेऊन गेलात तर प्रतिपूर्ती मिळत नाही.